बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त परभणी येथे झालेल्या मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या मंगल सोहळ्यात आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविली. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे विषय आपल्या शिबिरांतून पूर्वी होऊन गेले आहेत. ज्याविषयी आपल्या घरांत सहसा बोलले जात नाही, असा विषय म्हणून मी आज बाळंतपणानंतर येणाऱ्या नैराश्याची निवड केली आहे. पुरुष मंडळींनी 'हा बायकांचा विषय' असे समजून हळूच बाहेर पडू नये, अशी प्रारंभीच नम्र विनंती करते. घरातील गाडी काढणारे, दवाखान्याची निवड करणारे आणि औषध चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरविणारे अजूनही बहुतांशी आपणच आहात.

आपल्याकडे बाळंतिणीची काळजी घेत नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, दीड महिन्याची विश्रांती, अंगाला तेल, ओव्या-शेपाची धुरी, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, खारीक-खोबरे यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. आयुर्वेदाच्या काश्यपसंहितेत तर सूतिकेच्या उपचाराला वाहिलेला एक स्वतंत्र अध्यायच आहे. मात्र या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट सुटलेली दिसते. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, बाळ कसे आहे, दूध पुरते का, टाके दुखतात का, कंबर कशी आहे. 'तुझे मन कसे आहे?' असे विचारणारे माणूस मी माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात क्वचितच पाहिले. आनंदाचा प्रसंग आहे, तेव्हा मन आनंदी असणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. आणि ज्या मुलीचे मन आनंदी नसते ती सर्वांचे हे गृहीत पाहून अधिकच गप्प होते.

प्रथम एक भेद स्पष्ट करते, कारण त्यात पुष्कळ घोटाळा होतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक स्त्रियांना विनाकारण रडू येते. क्षणात हसू, क्षणात आसू अशी अवस्था होते. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हा अनुभव येतो. गर्भावस्थेत वाढलेली संप्रेरके प्रसूतीनंतर एकाएकी उतरतात, झोप मोडलेली असते, दूध उतरू लागलेले असते. त्याचा हा परिणाम असून साधारणतः दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. त्याला औषध लागत नाही. धीर, विश्रांती आणि मायेचा हात पुरतो.

दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नसेल, उलट वाढत असेल, तर मात्र तो आजार समजावा. यालाच प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणतात. हे बहुधा पहिल्या दीड-दोन महिन्यांत सुरू होते, परंतु बाळ सहा-आठ महिन्यांचे झाल्यावरही उद्भवू शकते आणि कित्येकदा त्याची मुळे गरोदरपणातच असतात. तिसरा प्रकार विरळा, हजारात एक-दोन बाळंतिणींत दिसणारा, पण अत्यंत गंभीर. त्याविषयी पुढे बोलेन.

हे नैराश्य ओळखावे कसे? पुस्तकातील लक्षणे मी सांगू शकते, पण दवाखान्यात येणारी मुलगी पुस्तकातील भाषा बोलत नाही. 'मला नैराश्य आले आहे' असे वाक्य मी आजवर फारसे ऐकलेले नाही. ती म्हणते, 'डोकं भणभणतं', 'अंगातलं बळच गेलंय', 'छातीत धडधडतं', 'जीव घाबरा होतो', 'कशातच जीव रमत नाही'. पुष्कळदा ती स्वतःसाठी येतच नाही, बाळासाठी येते. बाळ दूध पीत नाही, बाळ फार झोपते, बाळ झोपतच नाही. बाळाचे वजन करावे तर ते उत्तम वाढत असते. आठ-दहा दिवसांत अशा तीन फेऱ्या झाल्या की मी बाळाला तपासून बाजूला ठेवते आणि आईकडे वळते.

एक प्रश्न मला फार उपयोगी पडतो आणि तो आपल्यापैकी कोणीही विचारू शकेल. 'बाळ झोपलेले आहे, आजी त्याच्याजवळ बसली आहे, अशा वेळी तुला झोप लागते का?' बाळ उठवते म्हणून झोप न होणे हे प्रत्येक आईच्या वाट्याला येते. बाळ शांत झोपलेले असताना, अंग थकून गेलेले असताना, डोळे मिटूनही झोप न येणे ही मात्र लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. त्याचप्रमाणे आवडीची गोष्ट नकोशी वाटणे, जेवणाची चव जाणे, बारीकसारीक निर्णयही न घेता येणे, 'मी वाईट आई आहे' असे पुनःपुन्हा म्हणणे, बाळाला जवळ घेताना परकेपणा वाटणे किंवा याच्या उलट, बाळाला काही होईल या भीतीने त्याला क्षणभरही खाली न ठेवणे. काहींच्या मनात याहून भयंकर विचार येतात. आपण नसलेलेच बरे, असे वाटते. ते बोलून दाखविण्याचे धैर्य होत नाही आणि न बोलल्याने ते विचार वाढत जातात.

इंग्लंड-स्कॉटलंडकडील तज्ज्ञांनी १९८७ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. एडिंबरो प्रश्नावली या नावाने ती ओळखली जाते आणि आज जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत हसू आले का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटली का, स्वतःला विनाकारण दोष दिला का, भीती वाटली का, झोप लागली का, स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, असे तिचे साधे स्वरूप आहे. भरायला पाच मिनिटे लागतात. तिच्यावरून निदान होत नाही. कोणाला डॉक्टरांकडे न्यायला हवे एवढे समजते.

आता कोणी म्हणेल, हे शहरातले, परदेशातले आजार आहेत, आपल्या आज्या-पणज्यांना दहा-दहा मुले झाली, त्यांना कोठे असे काही झाले? याला उत्तर म्हणून आपल्या शेजारच्या गोव्यात झालेले काम सांगते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी ज्या २५२ मातांची तपासणी होऊ शकली, त्यांपैकी ५९ जणी, म्हणजे शेकडा २३, नैराश्याने ग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता, आणि निम्म्याहून अधिक जणी बाळ सहा महिन्यांचे झाले तरी बऱ्या झालेल्या नव्हत्या. या साध्या घरच्या, कोकणी बोलणाऱ्या आपल्यासारख्याच बायका. पुढे २०१७ साली भारतातील ३८ अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाजही शेकडा २२ इतकाच आला. पाच बाळंतिणींत एक, असा हा हिशोब होतो. आपल्या समाजात एका वर्षात किती बारशी होतात, ते आपणच मोजून पाहावे.

गोव्यातील त्या अभ्यासात कारणेही पाहिली गेली. घरातील ओढग्रस्त, पतीशी बिघडलेले संबंध, मारहाण ही कारणे ठळक होतीच. मुलगी झाली असता या कारणांचा परिणाम अधिक तीव्र होतो, असेही दिसले. यावर मी अधिक भाष्य करीत नाही. 'लक्ष्मी आली' असे म्हणताना आवाज कसा पडतो, ते बाजेवर पडलेल्या बाळंतिणीला बरोबर कळते.

आज्या-पणज्यांविषयी मात्र बोलायला हवे. त्यांनाही हे होत असे. त्याला त्या काळात 'बाळंतरोग' म्हणत, 'वारं लागलं' म्हणत, 'बाहेरचं झालं' म्हणत. नाव निराळे होते, दुःख तेच होते.

आता थोडे नाजूक बोलणार आहे आणि ते आपल्याच मंडपात बोलता येईल म्हणून बोलते. आपण धर्मश्रद्ध समाज आहोत. एखादी मुलगी म्हणू लागली की 'संसारात मन लागत नाही', तिने जेवण कमी केले, बोलणे कमी केले, एकटी बसू लागली, तर आपल्या घरात त्याचा अर्थ कधीकधी फार निराळा लावला जातो. एका घरात अशीच एक मुलगी दोन महिन्यांची बाळंतीण असताना एक वेळच जेवू लागली, आणि सर्वांनी 'किती धर्माची आवड!' म्हणून कौतुक केले. तिला जेवण जातच नव्हते. वैराग्य आणि नैराश्य वरवर सारखे दिसतात. वैराग्यात मन हलके व प्रसन्न असते, समोरच्याविषयी करुणा वाढलेली असते. नैराश्यात मन जड झालेले असते, स्वतःविषयी घृणा असते, पुढचा दिवस नकोसा असतो. जिला आपल्या बाळाला पाहूनही काही वाटेनासे झाले आहे, तिला तत्त्वज्ञान सांगण्याची ती वेळ नव्हे.

तसेच 'आर्तध्यान करू नकोस, कर्माचा उदय आहे, समतेने सहन कर' असे आपण सहज म्हणून जातो. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्या मुलीला मात्र असे वाटते की आजारी पडून वर आपण पापही करीत आहोत. असातावेदनीयाच्या उदयाने ताप येतो असे मानणारे आपण तापाला गोळी घेतोच ना? आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या आचार्यांनी सांगितली. नैराश्याच्या आजारात या चारही दानांची गरज एकाच वेळी पडते, असे मला माझ्या अनुभवातून वाटते. दूध पाजणाऱ्या मातेने पर्युषणात वा दशलक्षण पर्वात कडक उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि जिचे मन बिघडलेले आहे तिने तर करूच नयेत, हेही येथेच सांगून ठेवते. याबाबत साधू-साध्वींना विचारले असता तेही प्रकृती पाहूनच व्रत घेण्यास सांगतात, असा माझा अनुभव आहे.

यापेक्षाही मोठा अडसर आहे तो लोकलज्जेचा. आपला समाज संख्येने लहान. परभणीतील घराचे सोयरे जालन्यात, जालन्याचे नांदेडात, नांदेडचे सोलापुरात. एका घरातील गोष्ट आठ दिवसांत चार जिल्ह्यांत जाते. त्यामुळे मुलीच्या मनाचा आजार कळला तरी घरचे म्हणतात, 'धाकटीचे जमायचे आहे, आता नको.' मुलगी माहेरी असेल तर माहेरच्यांना वाटते, सासरी कळले तर नांदवतील की नाही. सासरी असेल तर सासरच्यांना वाटते, माहेरी कळवले तर आपल्यावर ठपका येईल. या दोन भिंतींच्या मध्ये ती मुलगी अडकते. काही सुस्थितीतील घरे गुपचूप दूरच्या शहरातील मोठ्या मनोविकारतज्ज्ञांकडे जातात. जाणे चांगलेच, परंतु पुढच्या भेटीसाठी दर वेळी दोनशे किलोमीटर जाणे होत नाही, दुकान बंद ठेवता येत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात औषध बंद पडते. लपविण्याच्या खटाटोपात उपचार अर्धवट राहिलेली उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि अर्धवट उपचाराने आजार उलटतो.

याच्या उलट एक उदाहरण सांगते. नाव, गाव सांगणार नाही. पहिल्या मुलाच्या वेळी शस्त्रक्रिया झालेली, हिमोग्लोबिन आठावर आलेले, पती दुकानाच्या हंगामात गुंतलेला. ही मुलगी पाचव्या आठवड्यात सासूबरोबर माझ्याकडे आली. तक्रार नेहमीचीच, 'दूध कमी पडते.' बाळाचे वजन छान होते. झोपेचा प्रश्न विचारला आणि तिचा बांध फुटला. मी सासूबाईंना क्षणभर बाहेर बसण्यास सांगणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, 'डॉक्टरीणबाई, हिला बरं करा. थोरल्याच्या वेळी मी दीड वर्ष चुलीपुढं बसून रडायची. धुरानं डोळ्याला पाणी येतं म्हणून सांगायची. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी हिला घेऊन आले.' सासू-सुनेच्या नात्याविषयी आपण काय काय ऐकतो! त्या बाई चौथी इयत्ता शिकलेल्या होत्या.

त्या मुलीचे रक्त व थायरॉईड तपासले, लोहाची औषधे दिली आणि येथल्याच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी गोळी सुरू केली, दर आठवड्याला बोलावून समुपदेशन केले. रात्रीचे एक पाजणे झाले की पुढचे चार तास बाळ आजीकडे राहील आणि मुलगी सलग झोपेल, असा नेम सासूबाईंनी घालून घेतला. पतीने दुपारचा एक तास घरी यायचे ठरले. महिन्याभरात ती हसू लागली. गोळी पुढे नऊ महिने चालली. आज तिचे मूल शाळेत जाते.

ही कथा ऐकून उपचार फार सोपा वाटेल. सौम्य आजारात खरोखर तो सोपा असतो. समुपदेशन, घरची मदत, झोप आणि रक्तक्षयाचा उपचार एवढ्याने पुष्कळ जणी बऱ्या होतात. रक्तक्षयाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५४ स्त्रियांत तो आढळला. थकवा आणि उदासी थायरॉईडच्या बिघाडानेही येते, म्हणून त्या दोन तपासण्या आधी कराव्यात.

मध्यम व तीव्र आजारात गोळ्या लागतात, आणि येथे सर्व घरांत एकच प्रश्न उभा राहतो, 'मग बाळाला अंगावरचे दूध पाजायचे नाही का?' पाजता येते. सर्ट्रालिनसारखे औषध आईच्या दुधात अत्यल्प उतरते आणि स्तनपान करणाऱ्या मातांना ते दीर्घकाळापासून दिले जात आहे. कोणते औषध, किती मात्रेत, हे तज्ज्ञच ठरवतील. आपण एवढेच करावे की बाळ अंगावर पिते ही गोष्ट त्यांना आठवणीने सांगावी. या गोळ्यांची सवय लागत नाही. गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' असे म्हणून सोडू नयेत. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवाव्यात आणि थांबवायच्या तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवाव्यात.

आपल्या घरांतून येणाऱ्या आणखी दोन शंका, ज्या इतर डॉक्टर कदाचित ऐकून घेणार नाहीत. पहिली, कॅप्सूलच्या आवरणाची. हे आवरण पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, हे खरे. सर्ट्रालिन साध्या गोळीच्या रूपात मिळते. तरीही मनात शंका असल्यास डॉक्टरांना 'कॅप्सूल नको, गोळी द्या' असे मोकळेपणाने सांगावे. दुसरी, रात्रिभोजनत्यागाची. सर्ट्रालिन सकाळी घेतले तरी चालते. ज्यांचा नियम आहे त्यांनी तो डॉक्टरांपासून लपवून गोळी चुकवू नये. सांगितले तर वेळ बदलून देता येते.

औषधाइतकेच महत्त्व माणसाच्या बोलण्याला आहे, याचा पुरावाही आता आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान यांनी गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना मातांशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा असे बोलणे लाभलेल्या मातांपैकी शेकडा २३ जणी नैराश्यात होत्या, तर केवळ नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ५३ होते. हाच कार्यक्रम पुढे गोव्यात त्याच वस्तीतील मातांना 'सखी' म्हणून तयार करून राबविला गेला. तेथील फरक एवढा मोठा नव्हता, तरी बऱ्या होणाऱ्या मातांची संख्या वाढलेली दिसली. सांगायचे ते हे, की ऐकून घेणारी बाई पदवीधर असावीच लागते असे नाही. या सभागृहात अशा सखी होऊ शकतील अशा निदान पन्नास भगिनी मला समोर दिसत आहेत.

बाळाचाही विचार करावा. गोव्यातील त्याच संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की, नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहा महिन्यांनी वजनात व लांबीत मागे पडलेली होती. आपण बाळाला टॉनिक देतो, दृष्ट काढतो, आणि आईकडे पाहत नाही.

आता तो तिसरा, विरळा प्रकार. प्रसूतीनंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुलगी दोन-तीन रात्री अजिबात झोपली नाही, असंबद्ध बोलू लागली, एकाएकी फार आनंदी किंवा फार संतापी झाली, 'हे बाळ माझे नाही, बदलले आहे' असे म्हणू लागली, कोणाचे तरी आवाज ऐकू येतात म्हणाली, तर त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे. रात्र असली तर रात्री न्यावे. तिला व बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी पुढे कोठेही जाऊन यावे, पण रुग्णालय आधी. या आजारात आईच्या व बाळाच्या जिवाला खरोखर धोका असतो; वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. 'मरून जावेसे वाटते' असे शब्द बाळंतिणीच्या तोंडून आले तर तेही असेच तातडीचे समजावे. असे बोलणारे करीत नाहीत, ही समजूत चुकीची आहे.

दुर्दैवाने तिने जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केलाच, तर पोलीस केस होईल या भीतीने घरचे रुग्णालयात नेण्यास कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला भरण्यास मनाई केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने सर्वसाधारण कलम ठेवलेलेच नाही. त्याच २०१७ च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून आई व बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभागच आहे. 'दाखल केले की बाळ तुटले' असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या जिल्ह्यात मदत कोठे मिळेल? परभणीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, २०२३ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. खाजगी मनोविकारतज्ज्ञ शहरात आहेत. अधिक मोठ्या सोयीसाठी नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येते. कृपया हा क्रमांक आपल्या भ्रमणध्वनीत आताच नोंदवून घ्यावा, मी थांबते. ज्यांना लोकांनी पाहण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

ट्रस्टपुढे एक सूचना ठेवते. सरकारी योजनेप्रमाणे आशाताई नवजात बाळाला पाहण्यासाठी घरी सहा वेळा येतात; तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस असा तो क्रम आहे. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीला डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सिद्ध करून दाखविली होती. आपल्या सुखवस्तू घरांतून मात्र 'आमचे मोठ्या दवाखान्यात झाले आहे' असे सांगून आशाताईंना उंबरठ्यावरून परत पाठवितात. तसे करू नये, त्यांना आत घ्यावे, पाणी द्यावे, आणि बाळाबरोबर आईकडेही पाहा असे आपणहून सांगावे.

बेचाळिसाव्या दिवसाची ती भेट झाली की दोन-चार दिवसांतच आपल्याकडे सुवेर फिटते. कोठे चाळीस, कोठे पंचेचाळीस दिवस, अशा रीती निरनिराळ्या असतील. त्या दिवशी बाळंतीण बाळाला घेऊन प्रथम मंदिरात दर्शनाला किंवा स्थानकात मांगलिक ऐकायला येते, बाळाच्या कानी णमोकार मंत्र पडतो. दीड महिना चार भिंतींत राहिलेली मुलगी त्या दिवशी समाजाला पहिल्यांदा दिसते. वैद्यकशास्त्राप्रमाणे नैराश्याची विचारपूस करण्याची अगदी हीच वेळ आहे. महिला मंडळाच्या दोन समंजस, तोंड बंद ठेवू शकणाऱ्या भगिनींनी त्या दिवशी तिच्याजवळ दहा मिनिटे बसावे. बाळ दुसऱ्या कोणाकडे द्यावे. झोपेचा तो प्रश्न विचारावा, मन रमते का ते विचारावे, आणि ती रडली तर रडू द्यावे. उत्तर काळजीचे वाटले तर तिच्या संमतीने घरातील एका भल्या माणसाला सांगावे व डॉक्टरांकडे नेण्याची सोय करावी. गाडीभाड्याची, औषधाची अडचण असलेल्या घरांसाठी ट्रस्टच्या वैद्यकीय मदत निधीतून तरतूद व्हावी, आणि त्याच्या पावतीवर आजाराचे नाव लिहिले जाऊ नये.

अशीच दुसरी भेट, मुलगी माहेराहून सासरी परतल्यावर महिन्याभराने व्हावी. आईच्या हाताखालची सोय सुटते, घरातील सारी कामे अंगावर येतात, रात्रीचे जागरण तसेच असते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींचा त्रास याच महिन्यात वाढलेला असतो. परभणीची लेक जालन्याला नांदत असेल, तर तेथील मंडळाला एक दूरध्वनी करणे अवघड नाही. सोयरिकीच्या बातम्या चार जिल्ह्यांत पोहोचविणारे आपले जाळे या कामीही यावे.

माझा वेळ संपत आला आहे. शेवटची अर्धी घटिका प्रश्नांसाठी राखून ठेवली आहे. सर्वांसमोर विचारणे ज्यांना नकोसे वाटेल, त्यांच्यासाठी प्रवेशद्वारापाशी कोरे कागद आणि एक बंद पेटी ठेवली आहे. कागदावर नाव लिहू नये. पेटी मीच उघडणार आहे आणि उत्तरे येथूनच देणार आहे. पुरुषांनीही कागद घ्यावेत.